सहा वर्षांची गोळी: अॅसिड रिफ्लक्सच्या एका रुग्णाचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या दवाखान्यातलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आजाराचा आणि उपचारांचा क्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे. दीर्घकाळ अॅसिडची गोळी घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत आपण डॉक्टर कुठे कुठे घाई करतो आणि कुठे विचारायचंच विसरतो, ते यात दिसतं. विसरणाऱ्यांमध्ये मी स्वतःही आहे.

पार्श्वभूमी

बाईंचं वय ५२. हिशेबाचं काम, दिवसभर खुर्चीत. छातीत जळजळ आणि घशाशी आंबट पाणी येणं हा त्रास, म्हणजे अॅसिड रिफ्लक्स (जठरातलं आम्ल अन्ननलिकेत वर येणं), सहा वर्षांपूर्वी सुरू झाला. तेव्हा पॅन्टोप्रॅझोल ही आम्ल कमी करणारी गोळी, ४० मिलिग्रॅम, सुरू झाली आणि चालूच राहिली. चार वर्षांपूर्वी त्यांनी एंडोस्कोपी करून घेतली होती. अहवालात 'सर्व काही नॉर्मल' असं लिहिलेलं होतं. त्या काळात गोळी रोज चालू होती, ही गोष्ट त्या अहवालात कुठेच नव्हती.

आठ वर्षांत वजन ११ किलोंनी वाढलं होतं. तीन वर्षांपूर्वी रक्तदाब वाढलेला आढळला, म्हणून मी अॅम्लोडिपिन सुरू केलं. त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी त्या रक्तदाब दाखवायला येत. जाताना म्हणत, "ती पित्ताची गोळी पण लिहून द्या." मी लिहून देत असे.

इथे 'पित्त' या शब्दाबद्दल थोडं बोलायला हवं. आपल्याकडे डोकं दुखलं तरी पित्त, मळमळलं तरी पित्त आणि छातीत जळजळलं तरी पित्तच. वैद्यकीय भाषेतलं पित्त यकृतात तयार होतं. छातीत आग करणारं आम्ल जठरातलं असतं. रुग्णाने तो शब्द वापरला तर काहीच बिघडत नाही, पण डॉक्टरने तो ऐकून पुढचे प्रश्न सोडून दिले तर बिघडतं. जळजळ नेमकी कुठे होते, जेवणानंतर किती वेळाने, वाकल्यावर वाढते का, रात्री झोपेतून उठवते का, हे मी तीन वर्षांत एकदाही नीट विचारलं नव्हतं.

अडचण कशी पुढे आली

बाईंच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं. त्याच आठवड्यात अॅसिडच्या गोळ्यांनी हाडं ठिसूळ होतात असं त्यांच्या वाचनात आलं, आणि त्यांनी त्या दिवसापासून गोळी बंद केली. पहिले तीन-चार दिवस बरे गेले. नंतर जळजळ सुरू झाली आणि दहाव्या दिवशी ती पूर्वीपेक्षाही जास्त होती. घाबरून त्यांनी गोळी परत सुरू केली, तीही दिवसातून दोनदा. तरी पूर्ण आराम नव्हता.

माझ्याकडे आल्या तेव्हा पहिलं वाक्य होतं, "डॉक्टर, मला या गोळीचं व्यसन लागलंय."

सगळ्यात आधी धोक्याच्या खुणा बघितल्या. घास अडकतो का, न प्रयत्न करता वजन उतरलं का, काळी शौच, रक्ताची उलटी, रक्ताचं प्रमाण कमी. यातलं काहीच नव्हतं. ५२ वर्षांच्या, रक्तदाब असलेल्या बाईच्या छातीतली जळजळ हृदयाची नाही ना, हेही पाहणं भाग होतं. ईसीजी नॉर्मल निघाला. पण एका नॉर्मल ईसीजीवर निर्धास्त होता येत नाही, म्हणून जिने चढताना, भरभर चालताना काय होतं ते खोदून विचारलं. त्रासाचा श्रमाशी काही संबंध नव्हता. तो जेवणाशी, वाकण्याशी आणि आडवं होण्याशी बांधलेला होता.

मग मी त्यांना सगळ्या गोळ्या टेबलावर ठेवायला सांगितल्या. त्यांनी पर्समधून प्लास्टिकचा डबा काढला, सकाळ-दुपार-रात्र असे कप्पे असलेला. रात्रीच्या कप्प्यात रक्तदाबाची गोळी आणि तिच्या शेजारी पॅन्टोप्रॅझोल. "ही कधी घेता?" "झोपताना. जेवण झाल्यावर तास-दीड तासाने. सगळ्या एकदम घेतल्या की विसरायला होत नाही."

सहा वर्षं गोळी चुकीच्या वेळी चालली होती.

जठरातल्या आम्ल तयार करणाऱ्या पेशींमध्ये सूक्ष्म पंप असतात. आपण जेवतो तेव्हा हे पंप कामाला लागतात, आणि पॅन्टोप्रॅझोल किंवा ओमेप्राझोलसारखं औषध फक्त कामाला लागलेल्या पंपांनाच बंद करू शकतं. औषध रक्तात काही तासच टिकतं. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यावी लागते, म्हणजे पंप जागे होतात तेव्हा औषध रक्तात हजर असतं. जेवण होऊन गेल्यावर झोपताना घेतलेली गोळी बऱ्याच निजलेल्या पंपांवरून नुसती निघून जाते. पूर्ण परिणाम दिसायलाही काही दिवस लागतात, कारण सगळे पंप एका गोळीने बंद होत नाहीत.

आता 'व्यसन' या शब्दाबद्दल. महिनोन्महिने आम्ल दाबून ठेवलं की शरीर गॅस्ट्रिन हे संप्रेरक जास्त प्रमाणात सोडतं. गोळी एकदम थांबवली की त्या वाढलेल्या गॅस्ट्रिनमुळे आम्ल काही काळ नेहमीपेक्षा जास्त तयार होतं; ही आम्लाची उसळी. २००९ मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी १२० निरोगी स्वयंसेवकांवर अभ्यास केला. त्यांना आधी अॅसिडचा आजार नव्हता. ज्यांना आठ आठवडे एसोमेप्राझोल हे याच गटातलं औषध देऊन मग थांबवलं, त्यांच्यापैकी ४४ टक्क्यांना नंतरच्या चार आठवड्यांत अॅसिडची लक्षणं जाणवली. औषध नसलेली बनावट गोळी मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण १५ टक्के होतं. आजार नसलेल्या माणसाला आठ आठवड्यांत असं होत असेल, तर सहा वर्षांनंतर एका दिवसात गोळी सोडणाऱ्या बाईंना दहाव्या दिवशी काय झालं असेल, ते समजून येतं. हे त्यांना सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा अपराधी भाव गेला. माझ्या मते त्या भेटीतलं तेच सगळ्यात मोठं काम होतं.

समोर कोणते पर्याय होते

दोनदा घेतलेली गोळी तशीच चालू ठेवणं सगळ्यात सोपं होतं, आणि असं सर्रास केलं जातं. पण चुकीच्या वेळची एक गोळी म्हणून चुकीच्या वेळच्या दोन गोळ्या, याला उपचार म्हणता येत नाही.

बाईंना स्वतःला गोळी कायमची बंद करून फक्त पथ्य पाळायचं होतं. ही इच्छा मी गांभीर्याने घेतली. मात्र आतल्या जखमा किती आहेत हे माहीत नसताना तसं करणं धोक्याचं होतं. अन्ननलिकेला मोठी सूज असेल तर गोळी सोडल्यावर ती उलटते, आणि कधीकधी दुखल्याशिवायही उलटते.

लगेच एंडोस्कोपी करावी का? दोनदा गोळी चालू असताना केली असती तर चार वर्षांपूर्वीच्याच चुकीची पुनरावृत्ती झाली असती. औषधाने भरून आलेली अन्ननलिका नॉर्मल दिसते आणि अहवाल आपल्याला काहीच सांगत नाही.

शस्त्रक्रियेचा विषय बाईंनीच काढला, कुणाकडून तरी ऐकलं होतं म्हणून. जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या टोकाभोवती गुंडाळून झडप घट्ट करण्याची ही पद्धत रुडॉल्फ निसेन यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केली, आणि योग्य रुग्णाला ती खरोखर गुण देते. 'योग्य रुग्ण' कोण हे मात्र आधी ठरवावं लागतं. अमेरिकेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गोळीला न जुमानणारी जळजळ म्हणून ३६६ रुग्ण पाठवले गेले होते. बारकाईने तपासल्यावर शस्त्रक्रिया आणि औषधं यांची तुलना करण्याजोगे फक्त ७८ उरले. ४२ जणांना तर ओमेप्राझोल योग्य पद्धतीने दोन आठवडे दिल्यावरच बरं वाटलं, आणि ९९ जणांची जळजळ आम्लामुळे नव्हतीच. उरलेल्या ७८ मध्ये मात्र शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ६७ टक्क्यांना फायदा झाला, तर जोमाने औषधोपचार केलेल्यांपैकी २८ टक्क्यांना. आधी नीट पारखून घेतलं की शस्त्रक्रियेचा उपयोग होतो, असा मी याचा अर्थ घेते.

आम्ही दोघींनी मिळून क्रम ठरवला: आधी गोळीची वेळ सुधारायची, मग गोळी थांबवून तपासणी, आणि कायमचं काय करायचं ते त्यानंतर.

काय केलं

पॅन्टोप्रॅझोल पुन्हा दिवसातून एकदाच, ४० मिलिग्रॅम. त्रास रात्री जास्त होता म्हणून रात्रीच्या जेवणाआधी पाऊण तास. कामावरून निघताना घ्यायची, म्हणजे घरी पोचून जेवेपर्यंत वेळ बरोबर जुळते. गोळी रात्रीच्या कप्प्यातून निघून पर्सच्या पुढच्या खणात गेली.

जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर. डाव्या कुशीवर झोपणं, कारण त्या स्थितीत जठर अन्ननलिकेच्या खालच्या पातळीवर राहतं. पलंगाची उशाकडची बाजू १५ ते २० सेंटिमीटर उंच करणं.

हे शेवटचं सांगितल्यावर बाई म्हणाल्या, "मी तर तीन उशा घेते." मी त्यांना तपासणीच्या टेबलावर तीन उशा घेऊन झोपायला सांगितलं. डोकं वर, मान पुढे आणि कमरेत घडी. पोटावर दाब येत होता, म्हणजे आतलं वर ढकलणारी तीच गोष्ट त्या रोज रात्री करत होत्या. धड पूर्ण उताराला हवं, म्हणून पलंगाच्या उशाकडच्या दोन पायांखाली लाकडी ठोकळे हवेत किंवा कंबरेपासून डोक्यापर्यंत पोचणारी पाचरीच्या आकाराची उशी. ठोकळे लावल्यावर पहिल्या रात्री यजमान पायथ्याकडे घसरत राहिले, म्हणून शेवटी पाचरीची उशी आली.

अॅम्लोडिपिन मी बदललं. या गटातली औषधं अन्ननलिकेच्या खालच्या झडपेचा दाब कमी करू शकतात. रात्रीचा त्रास वाढला तो काळ आणि ही गोळी सुरू झाली तो काळ जवळचा होता, पण वजनही त्याच वर्षी वाढलं होतं. कशामुळे काय झालं हे वेगळं काढता येणार नव्हतं. रक्तदाबासाठी दुसऱ्या गटाचं औषध सहज उपलब्ध होतं, म्हणून शंकेचा फायदा अन्ननलिकेला दिला.

आठ आठवड्यांनी जळजळ जवळजवळ गेली होती. आंबट पाणी आठवड्यातून एक-दोन रात्री येत होतं. एवढ्यावर समाधान मानता आलं असतं. पण पुढची वीस-पंचवीस वर्षं गोळी घ्यायची की नाही हा प्रश्न असताना, आजार आहे याचा हाती पुरावा असावा असं मला ठामपणे वाटलं.

गोळी तीन आठवडे बंद केली. या वेळी काय होणार हे त्यांना आधीच माहीत होतं. जेवणानंतर आणि झोपताना अल्जिनेटचं पातळ औषध घ्यायची मुभा होती. ते जठरातल्या अन्नावर तरंगणारा थर तयार करतं आणि आम्ल वर येण्याला अडथळा करतं. दुसरा आठवडा कठीण गेला, पण त्यांनी तो रेटला. पोटविकारतज्ज्ञांनी एंडोस्कोपी केली. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला ५ मिलिमीटरपेक्षा लांब दोन जखमा होत्या, एकमेकींना न जुळलेल्या. लॉस एंजेलिस वर्गीकरणात याला 'बी' श्रेणी म्हणतात. सोबत सुमारे ३ सेंटिमीटरचा हायटस हर्निया, म्हणजे जठराचा थोडा भाग छाती आणि पोट यांमधल्या पडद्यातून छातीकडे सरकलेला. बॅरेट्स, म्हणजे अस्तराचा पोत बदलण्याची खूण, नव्हती.

आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या 'लिऑन सहमती'च्या सुधारित आवृत्तीनुसार 'बी' श्रेणी आता रिफ्लक्सचा पुरेसा पुरावा मानली जाते, त्यामुळे आणखी चाचणीची गरज उरली नाही. अन्ननलिका स्वच्छ दिसली असती तर मात्र पुढची पायरी होती ती अन्ननलिकेतलं आम्ल मोजण्याची. कुपीसारखं छोटं यंत्र चिकटवून ९६ तासांपर्यंत हे मोजता येतं. दिवसाच्या ६ टक्क्यांहून जास्त वेळ आम्ल वर येत असेल तर रिफ्लक्स नक्की. ४ टक्क्यांच्या आत असेल तर जळजळीचं कारण दुसरीकडे शोधावं लागतं, आणि अशा माणसाला गोळी वाढवून काही मिळत नाही.

आठ आठवडे पुन्हा ४० मिलिग्रॅम, मग २० वर. तीन महिने सुरळीत गेले, तोवर ५ किलो वजनही उतरलं होतं. तेव्हा पुढचं पाऊल टाकलं: रोजची गोळी बंद, त्रास झाला तरच काही दिवस घ्यायची. 'सी' किंवा 'डी' श्रेणी किंवा बॅरेट्स असतं तर हा प्रयोग मी केलाच नसता; अशा रुग्णांना गोळी कायम लागते.

हा प्रयोग फसला. पहिले चार आठवडे त्रास झाला तो उसळीचा म्हणून धरून ठेवला, अल्जिनेटवर भागवलं. उसळी असेल तर ती हळूहळू ओसरायला हवी. सहाव्या आठवड्यात आठवड्यातून तीन रात्री झोपमोड होत होती आणि कल चढता होता. म्हणजे मूळ आजारच परत आला होता. २० मिलिग्रॅम रोज पुन्हा सुरू केलं आणि दहा दिवसांत त्या रात्रभर झोपू लागल्या.

हाडांच्या भीतीचं काय झालं

सुरुवात जिथून झाली तो प्रश्न मी बाजूला ठेवला नव्हता. या गोळ्या आणि हाडं मोडणं यांचा संबंध निरीक्षणात्मक अभ्यासांत दिसतो, पण तो क्षीण आहे, आणि गोळी घेणारी माणसं मुळातच जास्त आजारी असतात ही अडचण त्यात राहते. २०१९ च्या एका मोठ्या चाचणीत हृदय-रक्तवाहिन्यांचे आजार असलेल्या साडेसतरा हजारांहून जास्त लोकांना पॅन्टोप्रॅझोल किंवा बनावट गोळी देऊन सुमारे तीन वर्षं पाहिलं. हाडं मोडण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. आतड्याचे जंतुसंसर्ग तेवढे किंचित जास्त होते, १.० च्या जागी १.४ टक्के. तीन वर्षं म्हणजे सहा वर्षं नव्हेत, हेही मी बाईंना सांगितलं.

नुसत्या गोळीपायी हाडांची घनता तपासायची सरसकट गरज नसते. पण पाळी बंद झालेली आणि आईचं खुब्याचं हाड मोडलेलं, ही त्यांची स्वतःची कारणं होती. डेक्सा स्कॅनमध्ये घनता थोडी कमी निघाली, औषध सुरू करण्याइतकी नाही. इथे एक फसवी वाट होती. हाडांसाठी सहज लिहिली जाणारी अॅलेन्ड्रोनेटची गोळी अन्ननलिकेला चिकटली तर स्वतःच जखम करते. 'बी' श्रेणी आणि हर्निया असलेल्या बाईंना ती देणं शहाणपणाचं नव्हतं. पुढे हाडांचं औषध लागलंच तर इंजेक्शनचा विचार करावा, अशी नोंद मी कागदपत्रांवर ठळक करून ठेवली. कॅल्शियमसाठी कार्बोनेटऐवजी सायट्रेट दिलं, कारण कार्बोनेट शोषलं जायला जठरात आम्ल लागतं. सोबत ड जीवनसत्त्व आणि वजन पेलायला लावणारा व्यायाम. ब-१२ तपासलं, ते ठीक होतं.

परिणाम

आता दोन वर्षं झाली. रोज २० मिलिग्रॅम, जेवणाआधी पाऊण तास. सुरुवातीपेक्षा वजन ७ किलोंनी कमी आहे. महिन्यातून एखादी रात्र खराब जाते, बहुतेक वेळा उशिरा आणि भरपेट जेवल्यावर. शस्त्रक्रियेबद्दल त्या शल्यविशारदांशी बोलून आल्या. अन्ननलिकेच्या आकुंचनाचा दाब मोजण्याची चाचणी आधी करावी लागते, नंतर काही जणांना गिळायला त्रास किंवा पोटात वायू अडकण्याची तक्रार राहते, हे ऐकून त्यांनी तूर्त नको म्हटलं. वाट खुली आहे.

गोळी सुटली नाही. पण मात्रा निम्मी झाली, आणि ती का घ्यायची हे त्यांना आणि मला दोघींनाही माहीत आहे.

वेगळं काय करता आलं असतं

तीन वर्षं मी ती गोळी पुन्हा पुन्हा लिहून दिली आणि कधी घेता हे विचारलं नाही. त्याला अर्धं मिनिट लागलं असतं. आता जुनी चिठ्ठी पुढे चालू ठेवताना मी प्रत्येकाला वेळ विचारते, आणि शक्य असेल तेव्हा डबाच बघते, कारण 'जेवणाआधी' या शब्दाचा अर्थ काहींच्या लेखी ताट समोर आल्यावर असा असतो.

गोळी एकदम थांबवली तर काय होतं, हे पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. मग त्या दहा दिवसांत त्यांनी स्वतःला व्यसनी ठरवलं नसतं.

रोजची गोळी सोडण्याचा प्रयोग आम्ही केला तो वर्षअखेरच्या हिशेबांच्या महिन्यात. उशिरापर्यंत काम, उशिरा जेवण आणि लगेच झोप. त्या सहा आठवड्यांचा कौल त्यामुळे निखालस मानता येत नाही. हर्निया आहे, त्यामुळे शांत महिन्यातही प्रयोग फसला असता असं मला वाटतं, पण खात्री नाही. मी वेळेचा विचार केला नव्हता, आणि बाईंनीही विचारलं नाही, म्हणून तो राहून गेला.

पुढच्या भेटीत त्या आणखी एकदा प्रयत्न करायचा का ते ठरवणार आहेत. तसं ठरलं तर सुरुवात हिशेब संपल्यावर करायची, २० मिलिग्रॅम आधी एक दिवसाआड, आणि झोपमोड झालेल्या रात्री कॅलेंडरवर खुणा करायच्या. आठवड्यात दोनपेक्षा जास्त खुणा सलग तीन आठवडे दिसल्या की थांबायचं, हा आकडा बाईंनी स्वतः सुचवला आहे.